बटण दोनावर

"बोला," मोमोसे म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. फोनवर बोलतो तसं. फक्त तोंड जरा जवळ न्या."

टेबलावर आडव्या ठेवलेल्या गिटारवर मिसावा चिझुरू वाकली. ती शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाकीण. मोठमोठ्या पातेल्यांशी बोलायची तिला सवय होती, गिटारशी बोलायची ही पहिलीच वेळ. तारांखाली बसवलेल्या काळ्या डबीपाशी तोंड नेऊन ती हळूच "मोशी मोशी" म्हणाली आणि सवयीने त्या डबीपुढे मानही लववून मोकळी झाली.

कोपऱ्यातल्या अॅम्प्लिफायरमधून चकार शब्द आला नाही.

"गेला," मोमोसे म्हणाला. मग या बाईचा भाऊ फेब्रुवारीत गेला आणि ही गिटार त्याचीच, हे आठवून त्याने घाईघाईने जोडलं, "म्हणजे, पिकअप."

त्या डबीलाच पिकअप म्हणतात. आत फारसं काही नसतं. चुंबक, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर गिटारची तार थरथरली की खालच्या गुंडाळीत वीज थरथरते, आणि तिचा पुढे आवाज होतो. हल्लीचे पिकअप मेणात बुडवून घट्ट केलेले असतात. त्यांना तारेखेरीज जगात दुसरं काही चाललंय याचा पत्ता नसतो. जुने तसे नव्हते.

"जुन्या पिकअपना कान असतात," मोमोसे म्हणाला. "जिवंत असता तर तुमचं बोलणं तिकडून ऐकू आलं असतं. आतली तार कुठेतरी तुटलीय. सगळी उलगडून नवी गुंडाळतो. आवाज कसा हवाय?"

हा प्रश्न तो प्रत्येकाला विचारी. लोक उत्तरादाखल एखादं साल सांगत, कुणी एखादी तबकडी घेऊन येत, एका दंतवैद्याने तर आलेखच आणला होता. चिझुरूने क्षणभर विचार केला.

"वरून खाली यायचा तसा," ती म्हणाली.

मग तिने जे सांगितलं ते असं. भाऊ नोबोरू बस चालवायचा. लग्न केलं नाही. माडीवरच्या खोलीत राहायचा. पाळी संपवून घरी आला की आंघोळ, आणि मग जेवण होईपर्यंत गिटार. ती खाली स्वयंपाक करी आणि तो आवाज छतातून खाली येई. पान वाढलं की ती झाडूच्या दांड्याने छताला दोनदा ठोकायची.

"मग थांबायचे का?"

"छे. आणखी एकदा जोरात वाजवायचा आणि मग यायचा."

वर जाऊन तो आवाज समोरून तिने कधी ऐकला नव्हता. कशाला ऐकेल? चुलीवर काहीतरी असायचंच. या उन्हाळ्यात ओबोनच्या दिवसांत मात्र, गेलेली माणसं घरी येतात म्हणून, तिने देवघरापुढे फळं मांडली, कंदील लावला, गिटार पुसून ठेवली आणि शेजाऱ्याला ती वाजवून बघायला सांगितलं. गिटार मुकी. माणूस एवढा लांबून घरी येणार आणि त्याची गिटार मुकी, हे काही तिला बरं वाटलं नाही. आता निदान सप्टेंबरातल्या हिगानपर्यंत, कबरीवर फुलं घेऊन जायचं त्या आठवड्यापर्यंत, ती बोलती व्हावी एवढंच तिचं म्हणणं होतं.

"होईल," मोमोसे म्हणाला. मात्सुमोतो गावात मोमोसे तादाओ "होईल" म्हणाला म्हणजे ते झालं असं धरून चालायची रीत होती.

रीत उगीच पडली नव्हती. गावातल्या गिटारच्या कारखान्यात तो ऐन विशीत पिकअप गुंडाळायला बसला, आणि कारखान्याने आपला पसारा आवरता घेतला तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. निरोपाच्या वेळी लोकांनी घड्याळं नेली, चहाचे पेले नेले. मोमोसेने भंगारात निघालेलं गुंडाळायचं यंत्र घरी आणलं. मागच्या अंगणातल्या कोठीत ते बसवलं आणि पहिलं काम काय केलं, तर वेढे मोजणारा त्याचा काउंटर स्क्रू काढून उचकटला आणि खणात टाकून दिला. "आकडा किती झालं ते सांगतो," तो म्हणे. "पुरे झालं हे फक्त कान सांगतो." हे वाक्य एका मासिकाने त्याच्या फोटोखाली छापलं होतं. त्याची बायको फुसाए हिने ते पान चौकटीत घालून कोठीत लावलं, आणि वाक्याला इतकी वर्षं कोणी हरकत घेतली नाही म्हणून ते खरं ठरलं.

धंदा मात्र मजेशीर होता. नवी कोरी गिटार घेऊन माणसं यायची आणि तिला म्हातारी करून मागायची. येणारे बहुतेक साठीच्या पुढचे. स्वतःचे केस काळे करून यायचे आणि गिटारला सुरकुत्या पाडून न्यायचे. मोमोसे यंत्राची बोटं बाजूला सारून तार स्वतःच्या चिमटीतून सोडी, म्हणजे वेढे शहाण्या मुलांसारखे ओळीत न बसता थोडे इकडेतिकडे पडत. चुंबकाला दुसरं चुंबक दाखवून त्याची थोडी रग जिरवी. मग जोडून वाजवी, मान तिरकी करून ऐके, आणखी थोडे वेढे देई, परत ऐके. आवाजाची धार बोथट होऊन त्यात जरा तूप उतरलं की थांबे. वेढे जितके जास्त तितका आवाज जाड आणि मऊ, कमी तितका पातळ आणि टोकदार. सगळी कला कुठे थांबायचं यात होती.

वाजवून बघायला बहुधा हिराबायाशी यायचा. तोही कारखान्यातलाच, रंगखात्यातला. पुढे सासऱ्याचं सोबाच्या शेवयांचं दुकान त्याच्या गळ्यात पडलं. दुपारभर तो पीठ मळायचा आणि रविवारी दंतवैद्य फुतात्सुगी आणि डोंगराकडच्या देवळातले भिक्षू यांच्याबरोबर बँड वाजवायचा. तिघांचं मिळून वय दोनशेच्या पुढे. हिराबायाशीला एक खोड होती. गिटार हातात घेतली की आधी खालचं बटण उगीच जरा फिरवायचं, मग वाजवायचं आणि डोळे मिटून म्हणायचं, "हाच. हाच तो. मोमोसे, तुझ्या कानांचा विमा काढ."

मोमोसे तेव्हा चहा ओतत असे. ऐकून न ऐकल्यासारखं करी, पण चहा जरा जास्त ओतला जाई.

त्या वर्षी घरात एकच गोष्ट बिनसली होती, ती किड्यांची. दर शरदात फुसाए लाकडी खोक्यात सुझुमुशी पाळायची. ओली माती, काकडीचा तुकडा, आणि अंधार पडायला लागला की चिमुकल्या घंटा हलवल्यासारखी त्यांची किणकिण. यंदा खोकं गप्प होतं.

"यंदाचे किडे आळशी निघाले," मोमोसे जेवताना म्हणाला होता.

"हो ना," फुसाए म्हणाली होती आणि त्याला आणखी भात वाढला होता.

चिझुरूच्या गिटारचं काम त्याने जीव लावून केलं. जुनी तार उलगडली तेव्हा तिचा रंग त्याला ओळखीचा वाटला. ही गिटार झाली त्या साली कारखान्यात हीच तार यायची. नवी तार चिमटीत धरून तो गुंडाळत राहिला. जोडलं, ऐकलं. जरासे आणखी वेढे. ऐकलं. तूप उतरलं. थांबला.

आठवड्याने चिझुरू आली. हिराबायाशीच्या दुकानात दुपारची गर्दी होती म्हणून मोमोसेनेच गिटार मांडीवर घेतली आणि तारा छेडल्या.

चिझुरूने डोळे मिटले. तल्लीन झाली, असं त्याला वाटलं. दाराशी फुसाए चहाचा ट्रे आणि नोझावानाच्या पाल्याचं लोणचं घेऊन येत होती, ती जागच्या जागी थांबली आणि तिचे खांदे कानांपर्यंत वर गेले. खिडकीत झोपलेलं शेजारचं मांजर उठून निघून गेलं. मांजरांचा काही नेम नसतो.

"फार स्पष्ट आहे," चिझुरू म्हणाली.

या गावात जन्म काढलेल्या माणसाला यावरून कळायला हवं होतं. तिथे "विचार करतो" म्हणजे नाही, "जरा कठीण दिसतंय" म्हणजे मुळीच नाही, आणि नव्या सुनेने केलेल्या सूपाला सासू "चव फार स्पष्ट आहे" म्हणाली की समजावं, पोरीच्या हातून मीठ सांडलंय. मोमोसेने स्वतः ही भाषा सत्तर वर्षं अस्खलित वापरली होती. फक्त ती आपल्याशीही कोणी बोलत असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

चिझुरूने आभार मानले, वाकून मानले, पुन्हा वाकून मानले. गिटारची पिशवी खांद्याला लावली. दारापर्यंत गेली. आणि तिथे ती पिशवी परत खाली ठेवली.

"मोमोसे-सान, काम सुंदर झालंय," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "पण हा दादा नाही."

एवढं बोलायला तिला किती बळ लागलं ते तिच्या मानेवर दिसत होतं. मोमोसेने तिला समजावलं, की तिने तो आवाज कायम छताआडून ऐकलेला, तातामीच्या चटया आणि फळ्यांनी त्याची धार खाल्लेली; समोरून कोणतीही गिटार टोकदारच वाटणार. हे खरंही होतं. ती "हो, तसंच असेल" म्हणाली. पण गिटार तिथेच ठेवून गेली.

फुसाएने चहाचे पेले उचलले. "छताचंच असेल," ती म्हणाली.

छताचं आहे हे त्याला पटलेलं होतं. पण पटलेल्या गोष्टीची खातरी करून घ्यायला माणूस जेव्हा घराबाहेर पडतो, तेव्हा ती तितकीशी पटलेली नसते. गावात सगळ्यांत जुना आवाज हिराबायाशीच्या गिटारचा, असं सगळेच म्हणत. तिचा पिकअप मोमोसेनेच गुंडाळलेला. तो एकदा आपल्या कानांनी ऐकावा, दोन्ही ताडून बघावेत, म्हणून दुसऱ्या दिवशी तो सायकल काढून दुकानात गेला.

वेळ चुकली. दुपारची ऐन गर्दी होती. बाकांवर माणसं दाटीवाटीने बसलेली, आणि सगळं दुकान एका सुरात सुर्र सुर्र करत शेवया ओढत होतं. हिराबायाशी आत वाफेत होता. त्याने झारा हलवून बसायची खूण केली. बसायला जागा नव्हती. गल्ल्यामागे भिंतीवर गिटार टांगलेली होती, खाली छोटा अॅम्प्लिफायर. मोमोसे घरचाच माणूस. त्याने ती उतरवली.

टोनचं बटण दोनावर होतं. म्हणजे जवळजवळ बंद. आवाजाची वरची सगळी धार कापून टाकलेली. पुसताना फडक्याने फिरलं असेल, असं समजून मोमोसेने ते सरळ दहावर नेलं. पिकअप जोखायचा तर बटण उघडंच हवं, हे धंद्यातलं पहिलं शास्त्र. मग त्याने सगळ्या तारांवरून एकदा बोट ओढलं.

आवाज चांगला होता. मऊ, जरा तुपाळ. त्याला बरं वाटलं.

आणि मग त्याला दुकान ऐकू येईनासं झालं.

सुर्र थांबली होती. शेवया काड्यांवरून अर्ध्यात लोंबत होत्या. बांधकामावरचे तीन कामगार वाटीवर वाकलेले, तसेच मान न उचलता डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होते. एका आजीबाईंनी तळहाताने कान झाकला होता, आणि दुसऱ्या हाताने त्या केस सावरत असल्यासारखं करत होत्या, म्हणजे कुणाला वाईट वाटू नये. एका बाईच्या मांडीवरचं पोर तेवढं प्रामाणिक निघालं. ते रडायला लागलं.

मोमोसेने बटणाकडे पाहिलं. मग ते हळूहळू दोनावर आणलं आणि परत बोट ओढलं.

कामगारांनी शेवया तोंडात घेतल्या. आजीबाईंचा हात खाली आला. सुर्र सुर्र सुरू झाली. पोरसुद्धा गप्प झालं.

त्याच्या कानांना दोन्ही आवाजांत काही फरक कळला नव्हता.

गर्दी ओसरेपर्यंत तो गल्ल्यामागे स्टुलावर बसून राहिला. हिराबायाशी पिठाचे हात पुसत बाहेर आला, भिंतीवर गिटार नाही आणि ती मोमोसेच्या मांडीवर आहे हे त्याने पाहिलं, आणि शेवया उकळलेलं पाणी मोमोसेपुढे पेल्यात ओतून ठेवलं. जेवणानंतर देतात ते. मोमोसे जेवला नव्हता.

"कधीपासून?" मोमोसेने विचारलं.

"काय कधीपासून?"

"बटण."

हिराबायाशीने फडकं घेऊन स्वच्छ गल्ला पुन्हा पुसला. "चारेक वर्षं. पाच असतील. आधी आठावर ठेवून भागायचं," तो म्हणाला. "मग सहा. दर खेपेला आणखी जरा खाली."

"आणि दंतवैद्य?"

"त्यांनी धार कापणारा आतला कपॅसिटरच बदलून घेतला. म्हणाले, रोज बटणाची कटकट नको."

"भिक्षू?"

"ते बास गिटार वाजवतात रे, सगळे खालचे सूर. त्यांना काय फरक पडतोय."

मोमोसे पेल्यातलं गढूळ पाणी प्यायला. ते अजून गरम होतं.

"मला सांगायचं नाही, लेका?"

"काय सांगू?" हिराबायाशी म्हणाला. "तू दिवस दिवस मान तिरकी करून बसतोस. एवढ्या मनापासून करतोस. मला काय, नुसतं बटण फिरवायचं. बटण असतंच कशाला मग?"

पलीकडे कुणीतरी बिल मागितलं, ते हिराबायाशीच्या बायकोने बघितलं. मोमोसेने गिटार पुढे केली. वाजव म्हणाला, नेहमी वाजवतोस तसं. हिराबायाशीने ती घेतली आणि अवघडून उभा राहिला. तेव्हा मोमोसे वळला आणि भिंतीवरचा पदार्थांचा फलक वाचू लागला. तो फलक त्याने वर्षानुवर्षं पाहिलेला होता. थंड सोबा, गरम सोबा, बदकाचा सोबा, डोंगरी पाल्याचा सोबा. तरी त्याने तो सावकाश, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, म्हणजे मागे माणसाला बटण फिरवायला पुरेसा वेळ मिळावा.

घरी आला तेव्हा फुसाए अंगणाकडच्या पायरीवर नाशपाती सोलत होती. किड्यांचं खोकं शेजारीच होतं. तो तिच्या बाजूला बसला.

"हे किडे गाताहेत का गं?"

सुरी थांबली. मुलगी झाल्या दिवसापासून फुसाए नवऱ्याला ओतोसान, म्हणजे बाबा, म्हणत आली होती. मुलगी लग्न होऊन नागोयाला गेली तरी हाक तीच राहिली.

"गाताहेत, ओतोसान. ऑगस्टपासून. आत्तासुद्धा."

"तू म्हणालीस, आळशी आहेत."

"तुम्ही म्हणालात. मी फक्त हो म्हटलं."

त्याने खोक्याकडे पाहिलं. काकडीच्या तुकड्यावर एक किडा पंख उभे करून थरथरवत होता. हात हलवणाऱ्या माणसाला काचेपलीकडून पाहावं तसं ते दिसत होतं. फुसाएने नाशपातीची फोड त्याच्या हातात दिली. ती खाताना करकरते हे त्याला दातांत कळलं.

"मागच्या वर्षी?" त्याने विचारलं.

"मागच्या वर्षी तुम्ही म्हणालात, लांबून गाताहेत."

त्या संध्याकाळी मोमोसेने खण उपसून काउंटर शोधला. इतक्या वर्षांत त्याची चाकं घट्ट झाली होती. त्यांना तेल दिलं, फिरवून मोकळी केली आणि स्क्रू पिळून तो यंत्रावर होता तिथे परत बसवला. समोर चौकटीतलं मासिकाचं पान होतं. ते त्याने काढलं नाही. फुसाए रोज ते पुसते. उद्या ते दिसलं नाही तर तिला विचारावं लागलं असतं, आणि त्याला सांगावं लागलं असतं.

काउंटरने बराचसा प्रश्न सुटत होता. कोणत्या साली कारखान्यात किती वेढे देत, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. दंतवैद्याला साल हवं होतं, साल देता येईल. हिराबायाशीचा पिकअप उलगडून आकड्याबरहुकूम गुंडाळला की बटण बिचारं दहावर जाईल. पण चिझुरूने साल मागितलं नव्हतं. आणि ज्यांच्या हातून तो पिकअप तेव्हा गुंडाळला गेला, त्यांनी किती ओढून धरलं, कुठे सैल सोडलं, पुढे त्याचं चुंबक बसच्या माणसाबरोबर राहून किती निवलं, याचा आकडा कुठेच नव्हता. तो आवाज या जगात एकाच माणसाच्या कानांत शिल्लक होता, आणि त्या माणसाला टोन म्हणजे काय ते माहीत नव्हतं.

हिगानच्या आठवड्यातल्या सुट्टीच्या दिवशी तो तिच्या घरी गेला. सायकलला मागे यंत्र बांधलेलं, पाठीवर गिटार. दारातच त्याने जोडे काढायच्या आधी सांगून टाकलं, कारण एकदा आत जाऊन चहा आला असता तर ते राहून गेलं असतं.

"मिसावा-सान, माझे कान गेलेत. वरचे सूर मला ऐकू येत नाहीत."

या गावात असं बोलायची पद्धत नाही. "अहो, असं काय," चिझुरू म्हणाली, आणि मग स्वतःच्या कामावरचं बोलली. "आमच्या भटारखान्यात मुख्य बाईंची जीभ गेली होती, आजारपणात. दोन वर्षं त्या पातेलं करायच्या आणि चव मी सांगायचे."

"तेच," मोमोसे म्हणाला.

"पण मला सुरातलं काही कळत नाही."

"सूर नकोत. नोबोरू-सान कळतात ना?"

तिने त्याला माडीवर नेलं. खोली तशीच होती. बसचा गणवेश हँगरवर, खिडकीत छोटा अॅम्प्लिफायर, तातामीवर एके जागी वर्षानुवर्षं बसून पडलेला खळगा. मोमोसेने तिला खाली स्वयंपाकघरात जायला सांगितलं, आणि नेहमी संध्याकाळी जे करता तेच करा म्हणाला. आवाज टोचला तर जिन्यात येऊन सांगायचं. दुसरं काही नाही.

मग तो त्या खळग्यातच बसला. पिकअपला वेढे दिले, तार सोल्डर करून जोडली, तारांखाली बसवला, वाजवला. जिन्यात पावलं वाजली आणि चिझुरूने डोकं वर काढून सांगितलं, अजून नाही. त्याने जोड देऊन पुढे गुंडाळलं. परत वाजवलं. परत पावलं. अजून नाही, पण दादाला सर्दी झाली होती तेव्हा जरा असा यायचा. माणसाला सर्दी झाली तर गिटारला काय होतं, हे मोमोसेने विचारलं नाही. कामाच्या वेळी सगळी माहिती उपयोगी असते. त्याने आणखी वेढे दिले. आता त्याच्या कानाला तो आवाज अगदी गोधडीत गुंडाळल्यासारखा लागत होता. त्याचे हात थांबा म्हणत होते. पन्नास वर्षांची सवय थांब म्हणत होती. त्याने सवयीला गप्प बसवलं आणि तार सोडत राहिला.

ऊन खिडकीवरून उतरलं. खालून दाशीच्या रश्शाचा वास यायला लागला, मग भाजलेल्या माशाचा. जिन्यात पावलं यायची थांबली होती. ती ऐकत नाही की विसरली, हे त्याला कळेना. त्याने थोडे वेढे आणखी दिले, जोडलं, आणि नोबोरू काय वाजवत असेल याची कल्पना नसल्यामुळे, दिवसभर बस चालवून आलेला माणूस बोटं मोकळी करायला जे वाजवील तसं काहीतरी सावकाश वाजवलं.

गिटारच्या आवाजात त्याला दुसरं काही ऐकू आलं नाही. पण बसल्या जागी, मांडीच्या हाडाला, खालून ठोका लागला.

एक. आणि मग आणखी एक.

मोमोसेने तळहात तातामीवर टेकवला आणि तसाच ठेवला. खाली झाडू परत कोपऱ्यात गेला असेल, किंवा तो धरून ती नुसतीच उभी असेल. मग जसं करायचं असतं तसं त्याने एकदा, जोरात, सगळ्या तारांवरून बोट ओढलं, सोल्डरच्या कांडीचा प्लग काढला आणि जेवायला खाली गेला.